बीजक, जप्ती आणि व्यापाऱ्याचें दप्तर

कीर्द, खतावणी, हुंडी, मालाचें बीजक हे व्यापारी कागद आमच्या संग्राहकांच्या दृष्टीनें फार काळ दुय्यम प्रतीचे ठरत आले. सनद किंवा महजर हातीं लागला तर तो जपून ठेवावा आणि पेढीच्या वह्या रद्दींत द्याव्या, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं झाला आहे. परंतु सरकारास प्रजेच्या खाजगी दप्तरांत कोठवर हात घालतां येतो, हा प्रश्न १८८६ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें उभा राहिला तो अशाच एका बीजकावरून. त्या वादाची हकीकत कागदपत्रांच्या अभ्यासकांस उपयोगी वाटेल म्हणून येथें देत आहों.

प्रथम जकातीचें स्वरूप पाहिलें पाहिजे. नगावर किंवा वजनावर ठराविक रक्कम घेणें ही एक तऱ्हा. मालाच्या किंमतीवर शेंकडा अमुक घेणें ही दुसरी. पहिल्या तऱ्हेस तराजू पुरतो. दुसऱ्या तऱ्हेंत किंमत कोणी सांगितलेली, कोठली आणि केव्हांची धरावी, असे प्रश्न एकदम उत्पन्न होतात. शिवछत्रपतींनीं १६७१ सालीं कुडाळच्या सरसुभेदारास बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याविषयीं लिहिलेलें पत्र वाचकांच्या परिचयाचें आहेच. तेथें हेतु परमुलुखांतील व स्वमुलुखांतील मिठाच्या भावांत मेळ घालण्याचा होता; आणि बारदेश कुडाळास लागूनच असल्यानें तेथला भाव कळणें कठीण नव्हतें. लिव्हरपूलच्या कारखान्यांतून निघालेल्या कांचेचा भाव न्यूयॉर्कच्या जकातदारास असा कळण्याजोगा नसतो. त्याच्यापुढें पेटी असते आणि पेटीबरोबर आलेलें बीजक असतें. तें खोटें ठरलें कीं जकातीचा पायाच गेला. म्हणून तेथील कायद्यानें खोट्या बीजकास शिक्षा ठेविली ती नुसती बुडालेली जकात वसूल करण्याची नव्हे, तर मालच सरकारजमा करण्याची.

या जप्तीच्या ऐवजाची वांटणी ३१ जुलै १७८९ च्या कायद्यापासून ठरलेली होती. निम्मा ऐवज सरकारी खजिन्यांत. उरलेला निम्मा बंदराचा कलेक्टर, नेव्हल ऑफिसर व सर्व्हेयर या तिघांत सारखा. आणि खबर देणारा कोणी निराळा असल्यास त्या निम्म्यांतला अर्धा त्याचा. (नेव्हल ऑफिसर या नांवावरून कोणी आरमारी अंमलदार समजूं नये, तोहि जकातीचाच अधिकारी.) मालाची किंमत पडताळणाऱ्याचाच जप्तींत वांटा, या व्यवस्थेचा परिणाम काय होणार, हें इजारदारीचे कागद चाळलेल्यांस सांगावयास नको.

यादवी युद्धाच्या ऐन धामधुमींत, ३ मार्च १८६३ रोजीं, नवा कायदा झाला. बीजकाच्या तीन प्रती करून त्या माल जेथून निघावयाचा तेथील अमेरिकन कॉन्सलापुढें ठेवाव्या; एक कॉन्सलाच्या दप्तरीं राहावी, एक व्यापाऱ्यास मिळावी, एक माल उतरावयाच्या बंदराच्या कलेक्टराकडे जावी, असें ठरलें. विकत घेतलेल्या मालाची प्रत्यक्ष खरेदीची किंमत मांडावयाची. माल अन्य रीतीनें मिळविलेला असल्यास त्या स्थळींचा बाजारभाव. इथवर ठीक होतें. परंतु याच कायद्यानें न्यायाधीशाचें वॉरंट घेऊन व्यापाऱ्याच्या पेढींत शिरण्याचा व बीजकें, वह्या, कागद उचलून नेण्याचा अधिकार दिला. १८६७ सालीं वॉरंट बजावण्याचें काम कलेक्टराकडून काढून मार्शलाकडे दिलें. दप्तर जावयाचें तें जातच राहिलें.

याचा सर्वांत गाजलेला बळी म्हणजे न्यूयॉर्कची फेल्प्स, डॉज आणि कंपनी. कथील चढविलेला पत्रा व इतर धातु आणणारी ही मोठी पेढी. १८७२ च्या अखेरीस, कामावरून निघालेल्या एका कारकुनाच्या माहितीवरून, जेन नांवाच्या जकात-खात्याच्या खास हस्तकानें पेढीच्या वह्या ताब्यांत घेतल्या. कांहीं बीजकांत कांहीं बाबींची किंमत कमी मांडलेली आढळली. यांत बुडालेली जकात २,००० डॉलरांच्या आंतच होती. परंतु कमी मांडलेल्या बाबींपुरताच नव्हे, तर सबंध बीजकाचा माल जप्तीस पात्र, असा अर्थ अधिकाऱ्यांनीं लावला. अखेर १८७३ सालीं पेढीनें २,७१,०१७ डॉलर भरून तडजोड केली. त्यांतून जेनास सुमारे ६५,००० व तिघां अधिकाऱ्यांस प्रत्येकीं सुमारे २२,००० डॉलर मिळाले. त्या तिघांतला कलेक्टर चेस्टर आर्थर हा पुढें १८८१ सालीं राष्ट्राध्यक्ष झाला. पेढीचीं सर्व बीजकें निर्मळ होतीं असें आमचें म्हणणें नाहीं. पण दोन हजारांच्या आंतील चुकीस पावणेतीन लाखांचा भुर्दंड, ही दंडाची रीत नसून लुटीची आहे.

व्यापाऱ्यांनीं ओरड केली आणि २२ जून १८७४ रोजीं कायदा बदलला. वांटणीची पद्धति बंद झाली. फसविण्याचा हेतु सिद्ध झाल्यावांचून जप्ती होऊं नये असें ठरलें. दप्तर उचलण्याचें वॉरंटहि गेलें. त्याच्या जागीं पांचवें कलम आलें. त्याप्रमाणें सरकारी वकिलानें अमुक बीजकावरून अमुक गोष्ट सिद्ध होईल असें लिहून द्यावें, न्यायालयानें तें हजर करण्याचा हुकूम काढावा, आणि धन्यानें तें न आणल्यास ती गोष्ट त्यास कबूल आहे असें समजावें. इनाम कमिशनची आठवण येथें कोणासहि होईल. १८५२ नंतर त्या कमिशनपुढें कागद न दाखविणाऱ्या इनामदाराचा हक्क धोक्यांत येई. मात्र भेद मोठा आहे. इनामदाराची सनद ही त्याच्याच बाजूची साक्षी. येथें बीजक धन्याविरुद्ध साक्ष देण्यासाठीं धन्याच्याच हातून मागविलें जाई.

बॉइड आणि पुत्र या न्यूयॉर्कच्या पेढीनें फिलाडेल्फिया येथील सरकारी न्यायालय व टपाल-कचेरीच्या इमारतीस तावदानी कांच पुरविण्याचा करार केला होता. भाव जकात वगळून ठरला. पेढीनें जकात भरलेल्या आपल्या सांठ्यांतून कांच दिली, व तेवढीच कांच विनाजकात आणण्याची परवानगी तिला मिळाली. या सवलतीचा लबाडीनें फायदा घेतला, असा आरोप ठेवून सरकारनें ३५ पेट्या धरल्या. दावा बॉइडांवर नव्हे, त्या पेट्यांवरच होता. तो सिद्ध करण्यास पूर्वीं आलेल्या २९ पेट्यांतील कांच किती व किंमतीची केवढी, हें दाखवावयाचें होतें. म्हणून त्यांचें लिव्हरपूलचें बीजक हजर करण्याचा हुकूम निघाला. पेढीनें हरकत नोंदवून तें दिलें, आणि ज्यूरीनें सरकारच्या बाजूनें कौल दिला.

१ फेब्रुवारी १८८६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. निवाडा न्यायमूर्ति ब्रॅडली यांचा असून तो लिहितांना त्यांनीं जुन्या इतिहासाचा आधार घेतला आहे. बोस्टन येथें १७६१ सालीं जेम्स ओटिस यानें जकातदारांच्या सरसकट झडतीच्या हुकुमांविरुद्ध केलेलें भाषण, आणि जॉन एंटिक या लेखकाचे कागद सरकारी शिपायांनीं उचलल्यावरून १७६५ सालीं लॉर्ड कॅम्डन यांनीं इंग्लंडांत दिलेला निर्णय, हीं दोन स्थळें त्यांत प्रमुख आहेत. ब्रॅडलींचा मुद्दा असा कीं, दार फोडून कागद नेणें आणि धमकी घालून तो आणविणें यांत तत्त्वतः फरक नाहीं. आणि दावा रूपानें दिवाणी असला तरी माल जप्त होतो तेथें तो फौजदारीच्याच जातीचा. सबब पांचवें कलम राज्यघटनेच्या चौथ्या व पांचव्या दुरुस्तीस विरुद्ध ठरलें. कायद्यानें सरकारी तपासणीसाठींच ठेवावयास लावलेल्या वह्या मात्र त्यांनीं या संरक्षणांतून वगळल्या. आमच्याकडे कमावीसदाराचें दप्तर व सावकाराची चोपडी यांत जो भेद करावा लागतो, तोच हा. न्यायमूर्ति मिलर व सरन्यायाधीश वेट यांनीं निकाल मान्य केला. परंतु नुसता हजर करण्याचा हुकूम म्हणजे झडती, हें त्यांस पटलें नाहीं.

पुढील काळानें मिलर यांच्याकडे अधिक कल दाखविला. १९६७ व १९७६ च्या निर्णयांनीं अमेरिकेंत व्यापारी कागदांचें हें कवच बहुतेक काढून घेतलें. भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढें १९५४ सालीं कंपन्यांच्या कागदांच्या झडतीचा प्रश्न आला, तेव्हां बॉइड-निवाड्याचा तेथेंहि विचार झाला; आणि झडतींत कागद उचलणें म्हणजे धन्यास स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणें नव्हे, असें ठरलें.