चार दिशांची विमानं, एक नागपूर

तर्री पोहे खायला कुणी स्वतःचं विमान उडवत नागपुरात आल्याचं ऐकलंय? आम्हीही नाही. अमेरिकेत मात्र हा शिरस्ताच आहे. रविवारी सकाळी दोन किंवा चार आसनी विमान बाहेर काढायचं, शेजारच्या गावाच्या धावपट्टीवर उतरायचं, नाश्ता हाणायचा, दुसऱ्यांच्या विमानांना मनसोक्त नावं ठेवायची आणि दुपारच्या आत घरी. अशा मेळाव्याला तिकडे ‘फ्लाय-इन’ म्हणतात. खाल्लेला बर्गर साधाच, पण इंधन आणि विमानाचं भाडं धरलं की तो कितीला पडतो? म्हणून त्याचं नावच पडलं ‘शंभर डॉलरचा बर्गर’. हे नाव जुनं आहे. आता शंभरात भागत नाही म्हणे.

आपल्याकडे हा शौक रुजला नाही. गंमत अशी, की चार दिशांनी विमानांनी यायचं, एका जागी भेटायचं आणि परत फिरायचं, हा खेळ नागपूरनं रोज खेळलेला आहे. तोही भर रात्री.

सोनेगावची रात्रपाळी

जानेवारी १९४९. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या डोक्यातून निघालेली रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही शहरांतून रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायचं. तिथे थैल्यांची अदलाबदल. मुंबईची पत्रं कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या. मग प्रत्येक विमान आल्या वाटेनं माघारी, उजाडता उजाडता आपापल्या शहरात हजर. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात हातात पडायचं. आजच्या कुरिअरवाल्यांनी जरा विचार करावा.

नागपूरच का? नकाशा उघडा. हवाई अंतरानं मुंबई साधारण ७०० किलोमीटर, दिल्ली साडेआठशेच्या आसपास, चेन्नई नऊशे, कोलकाता साडेनऊशेच्या पुढे. तेव्हाचं डकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आगेमागे चालायचं. म्हणजे कुठूनही निघा, अडीच ते साडेतीन तासांत नागपूर. शून्य मैलाच्या दगडापाशी उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवायला हरकत नाही. नागपूर मध्यावर असल्याचा देशाला रोजच्या रोज उपयोग झाला तो असा.

या विमानांत टपालाबरोबर माणसंही बसायची. रात्रीचं भाडं दिवसापेक्षा कमी, त्यामुळे पैसे वाचवणारे झोप मोडून नागपुरात विमान बदलायचे. ही विमानं चालवणाऱ्या पहिल्या कंपनीचा दम काही महिन्यांतच उखडला. मग त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशननं हे काम उचललं, आणि १९५३ साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर ते इंडियन एअरलाइन्सकडे आलं. डकोटांच्या जोडीला पुढे मोठी चार इंजिनांची स्कायमास्टर विमानंही आली.

सगळं काही सुरळीत नव्हतं. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेलं डकोटा सोनेगावहून उडाल्यावर लगेच कोसळलं आणि १३ जण गेले. वाचला तो एकटा वैमानिक. आजच्यासारखी उपकरणं नसताना चार विमानं रोज अंधारात एकाच जागी आणणं ही काय चीज होती, ते यावरून कळतं.

पाहुणा आला, गेलाच नाही

मेळाव्याला आलेला एखादा पाहुणा मुक्काम ठोकतो, तसा नागपूर विमानतळावर एक होता. बोइंग ७२०, चार इंजिनांचं जेट. बोइंगनं ही जातच मुळी फक्त १५४ बनवली. त्यातलं एक १९९१ मध्ये नागपुरात उतरलं आणि तिथेच अडकलं. त्याची कंपनी बंद पडली, आणि विमान उन्हा-पावसात उभं ते उभंच. नागपूरकरांची एक अख्खी पिढी खिडकीतून ते बघत विमानात बसली. हललं २०१५ मध्ये, म्हणजे २४ वर्षांनी. पार्किंगच्या भाड्याचा हिशेब कुणी मांडत बसू नये.

मे महिन्यात नागपूर महाबळेश्वराहून उंच

विश्वास बसत नसेल तर कुठल्याही वैमानिकाला विचारा. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला दम लागतो आणि पंखाही कमी हवा कापतो. म्हणून वैमानिक जमिनीची खरी उंची न बघता विमानाला ‘जाणवणारी’ उंची मोजतात. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून १,०३३ फूट. या उंचीवर पुस्तकी तापमान असतं १३ अंश. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की फरक ३२ अंशांचा, आणि दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर छोट्या विमानाला वाटतं आपण पावणेपाच हजारांहून जास्त फुटांवरच्या धावपट्टीवर उभे आहोत. महाबळेश्वर साडेचार हजारांच्याही आतच आहे!

थंडी मात्र महाबळेश्वराची मिळत नाही, हा अन्याय. म्हणून दोन आसनी विमान उन्हाळ्यात इथे भल्या सकाळी उडवायचं. दुपारी नको, कारण धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते आणि तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचे गचके पोटातला नाश्ता वर आणतात. संध्याकाळही लांबवता येत नाही. डोळ्यांनी बघून उडवायची ही विमानं आपल्याकडे सूर्यास्तानंतर २० मिनिटांच्या आत जमिनीवर लागतात. विदर्भात मेळावा भरवायचाच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत संत्रीही बाजारात असतात, हा जादाचा फायदा.

दहा हजार विमानांचं गाव

फ्लाय-इनच्या शौकाची पंढरी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आहे. गावाचं नाव ऑशकॉश. मेळावा १९५३ साली मिलवॉकीला सुरू झाला, १९७० पासून ऑशकॉशला भरतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथे दहा हजारांच्या वर विमानं आणि सहा लाखांहून जास्त माणसं. वारकरी दिंडीत राहुटी टाकतात, तसे इथले लोक आपल्याच विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून आठवडाभर राहतात.

एवढी विमानं उतरवायची कशी? युक्ती भारी आहे. सगळ्यांनी रिपन नावाच्या गावावरून रेल्वेचे रूळ धरायचे आणि फिस्कपर्यंत रांगेनं यायचं, एकामागे एक, अर्ध्या मैलाचं अंतर ठेवून. फिस्कला खाली उभे असलेले नियंत्रक विमानाचा रंग आणि पंखांची ठेवण बघून रेडिओवर हाक मारतात. वैमानिकानं तोंड उघडायचं नाही. ऐकू आलं हे सांगायला फक्त पंख हलवायचे. पुढे धावपट्टीवर रंगीत ठिपके काढलेले असतात, आणि कुणी कुठल्या रंगाच्या ठिपक्यावर टेकायचं ते सांगितलं जातं. एकाच पट्टीवर एकामागोमाग विमानं वेगवेगळ्या ठिपक्यांवर उतरत असतात. सीताबर्डीच्या चौकात सणासुदीला गाडी काढणाऱ्याला हे जमायला हरकत नाही असं वाटतं, पण सीताबर्डीत तोंड बंद ठेवायची अट पाळली जाणार नाही.

अशा मेळाव्यांत खेळ पण असतात बरं. ठरावीक रेषेवर अचूक टेकायची स्पर्धा. पिठाची पुडी खालच्या निशाणावर टाकायची स्पर्धा. वरून कागदाचं भेंडोळं सोडायचं आणि तेच पंखानं कापायचं, असाही एक वेडेपणा. अलास्कातल्या वाल्डीझला कमीत कमी जागेत उडण्या-उतरण्याची चुरस असते, आणि तिथल्या पट्टीच्या गड्यांनी दहा फुटांच्या आत विमान थांबवून दाखवलं आहे. आपल्या दिवाणखान्यात मावेल इतकी ती जागा.

आणि एक काम निव्वळ प्रेमाचं. १९९२ पासून अमेरिकेतले हौशी वैमानिक आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या इंधनावर फुकट एक फेरी मारून आणतात. आजवर वीस लाखांहून अधिक मुलं अशी वर जाऊन आली आहेत.

चौसष्ट दिवस खाली नाहीच

फ्लाइंग क्लबांच्या अंगणात हमखास दिसणारं विमान म्हणजे सेसना १७२. जगात याच्याइतकी दुसऱ्या कुठल्याच विमानाची प्रत निघाली नाही, ४४ हजारांच्या पुढे. ४ डिसेंबर १९५८ ला रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघे लास व्हेगासहून याच विमानात उडाले. एका हॉटेलची जाहिरात करायची होती. ते उतरले ७ फेब्रुवारी १९५९ ला. चौसष्ट दिवस, बावीस तास, एकोणीस मिनिटं! इंधन भरायला विमान रस्त्यालगत खाली आणायचं, खाली तेवढ्याच वेगानं ट्रक पळायचा आणि ट्रकमधून नळी वर. डबाही तसाच वर. बाकीच्या नित्यकर्मांचं काय करत होते, ते विचारू नये.

गच्चीवरचं विमान

आपल्याकडे एखादा मेळावा भरलाच, तर मानाचा पाट कुणाला? अमोल यादव यांना. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. पुण्या-मुंबईत गच्चीवर वाळवण घालायची परवानगी काढताना सोसायटीत दोन बैठका होतात! २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान सगळ्यांनी पाहिलं. २०१७ मध्ये नोंदणी मिळाली. अक्षरं व्हीटी-एनएमडी, कारण नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांची आद्याक्षरं. उड्डाणाची परवानगी २०१९ ला आली, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान २०२० मध्ये उडालं. बांधायला जितका काळ लागला त्याच्या मानानं कागद मिळायला लागलेला काळही काही कमी नाही.

मग आपल्याकडे घोडं कुठे अडतं?

दोन जागी. पहिली जागा कागदांची. आपल्याकडे उडायचं म्हटलं की उड्डाणाचा आराखडा भरायचा, हवाई संरक्षणाचा परवाना क्रमांक घ्यायचा, उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक घ्यायचा. सकाळी उठून ‘चला, गोंदियाला चहाला’ हे जमत नाही.

दुसरी जागा पेट्रोलची. छोट्या विमानांच्या बहुतेक पिस्टन इंजिनांना मोठ्या जेटचं इंधन चालत नाही. त्यांना लागतं एव्हगॅस. हे आपण वर्षानुवर्षं परदेशातून पिंपांत भरून आणत होतो. २०२२ च्या सप्टेंबरात इंडियन ऑइलनं ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पहिली खेप चक्क पापुआ न्यू गिनीला निर्यात झाली. म्हणजे इंधन पापुआपर्यंत पोहोचलं, पण आपल्याकडच्या प्रत्येक छोट्या धावपट्टीवर पंप काही उभा राहिलेला नाही.

बघे मात्र नागपुरात कधीच कमी पडत नाहीत. १९ नोव्हेंबर २०२२ ला वायुसेना नगरमध्ये हवाई दलाचा एअर फेस्ट झाला. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरलाच असल्याचा हा फायदा. सूर्यकिरणची नऊ हॉक विमानं डोक्यावरून गेली, आणि शहर मान वर करून उभं राहिलं. एनसीसीच्या हवाई तुकडीतली शाळा-कॉलेजची पोरं मॉडेल विमानं उडवतात ते वेगळं. रस आहे. विमानं कुठून आणायची एवढाच प्रश्न.

१२० ते १४० किलोमीटर

तर नकाशा पुन्हा उघडू, यावेळी विदर्भाचा. पूर्वेला गोंदियाजवळ बिरसी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी, आता तिथे वैमानिक घडवणारी मोठी संस्था आहे आणि ताफ्यात ऑस्ट्रियन बनावटीची डायमंड विमानं. पश्चिमेला अमरावतीचं बेलोरा. तिथला विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला, आणि एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण अकादमी तिथेच होऊ घातली आहे. तिच्यासाठी मुख्यतः पायपर विमानांची मागणी गेली आहे. दक्षिणेला चंद्रपूरजवळ मोरवा. सरकारी नागपूर फ्लाइंग क्लबनं उड्डाणाचं शिक्षण तिथे हलवलं आहे, सेसना घेऊन.

हवाई अंतर? मोरवा सव्वाशेच्या आत, बिरसी आणि बेलोरा १४० किलोमीटरच्या आसपास. ताशी पावणेदोनशेनं जाणारी सेसना १५२ सुद्धा यातल्या कुठूनही पाऊण तासाच्या आसपास सोनेगावला पोहोचते. जाऊन-येऊन इंधन पस्तीसेक लिटर. तीन संस्था, तीन जातींची विमानं, जवळजवळ समान अंतरं. डिसेंबरातल्या एका रविवारी पूर्वपरवानगीनं अर्धा दिवस काढला, रेषेवर टेकण्याची एक स्पर्धा ठेवली आणि मुलांना कुंपणाच्या आत येऊ दिलं, तर पोस्टर लावायचीही गरज पडणार नाही.

त्या स्पर्धेत पैज लावायची असेल, तर आतल्या गोटातली खबर घेऊन ठेवा. गोंदियाची डायमंड दिसायला देखणी, पंख ग्लायडरसारखे लांब आणि सडपातळ. तेच तिला नडणार. जमीन जवळ आली तरी ती टेकायचं नाव घेत नाही, तरंगतच राहते, आणि रेषा मागे पडते. चंद्रपूरची सेसना दिसायला डबडं असेल बापा, पण सांगाल तिथे धप्पकन बसते. आमचे पैसे तिच्यावर.