ट्रॉली घेताय? आधी हुकावरचं वजन समजून घ्या



दसरा आला की माझ्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, सेकंडहँड ट्रॅक्टर बघितलाय. यंदा ऊस वाहतुकीला लावायचाय. ट्रॉली कुठली घेऊ?" आपल्या श्रीरामपुरात हा प्रश्न येणारच. इकडे अशोकनगरचा कारखाना, तिकडे १९५० साली सुरू झालेला प्रवरेचा. उसाच्या जिवावर उभा राहिलेला हा भाग आहे. पण ट्रॉली बघायला गेलेला माणूस टायर बघतो, पत्रा बघतो, रंग बघतो. हुकाकडे कोणी बघत नाही.

मीही बघितलं नव्हतं. पहिल्या सीझनला दोन चाकी ट्रॉली स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. कॅनॉलच्या पुलाचा चढ चढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली. स्टेअरिंग फिरवतोय, पण ट्रॅक्टर वळेना. समोरून मोटरसायलकवर नवरा-बायको, मध्ये लेकरू. क्लच दाबला असता तर ट्रॉलीनेच मागे ओढलं असतं. ॲक्सिलेटर हळूहळू कमी केला, चाकं टेकली, ते लोक कडेने निघून गेले. त्या दिवशी रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन हिशोब मांडला. तोच आज तुम्हाला सांगतो.

धरा, माल भरून ट्रॉलीचं वजन ६ टन. हुकापासून ट्रॉलीच्या चाकापर्यंत अंतर ३ मीटर. भाराचा मध्य चाकाच्या ३० सेंटिमीटर पुढे. म्हणजे दहावा हिस्सा, ६०० किलो, हुकावर. आता तोच ऊस पुढे जास्त रचला आणि मध्य ६० सेंटिमीटर पुढे सरकला, तर हुकावर १,२०० किलो! माल तेवढाच, भाडं तेवढंच, धोका मात्र दुप्पट.

आता ट्रॅक्टरकडे या. समजा ट्रॅक्टर २,००० किलोचा, त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २ मीटर आणि हुक मागच्या चाकाच्या ८० सेंटिमीटर मागे. हे सी-सॉसारखं चालतं. हुकावर ६०० किलो आले की पुढून २४० किलो कमी होतात. १,२०० आले की ४८० कमी, राहिले फक्त ३२०. स्टेअरिंग ताब्यात राहायचं तर ट्रॅक्टरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे इथे ४०० किलो, पुढे हवाच. आणि हा हिशोब ट्रॅक्टर सपाटीला उभा असतानाचा. चढाला ओढ बसली की पुढचं अजून हलकं होतं.

मग माल मागे रचायचा का? तेही नाही. भार चाकाच्या मागे गेला की हुक वर उचलला जातो, मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली शेपूट हलवायला लागते.

अमेरिकेत लोक बंद ट्रेलरमध्ये कार घालून गाडीमागे ओढतात. तिथे हाच त्रास होतो. त्यावर 'वेट डिस्ट्रिब्युशन हिच' वापरतात. स्प्रिंगसारख्या दोन दांड्या ताणून बसवतात आणि हुकावरचा भार थोडा गाडीच्या पुढच्या चाकांवर, थोडा ट्रेलरच्या चाकांवर वाटला जातो. पण लक्षात घ्या, त्याने गाडीची क्षमता वाढत नाही. जास्त भरलेला माल तो हुकही सांभाळत नाही.

आपल्या ट्रॅक्टरला तो प्रकार नसतो. मग आपण काय करायचं?

पहिलं, चार चाकी ट्रॉलीचा विचार करा. तिचा भार तिच्याच पुढच्या-मागच्या चाकांवर बसतो, हुकावर फार थोडा येतो. महाग आहे, रिव्हर्स घ्यायला अवघड आहे, पण लांबच्या वाहतुकीला तीच बरी.

दुसरं, दोन चाकीच घेणार असाल तर भरताना स्वतः उभे राहा. भार चाकाच्या किंचित पुढेच पाहिजे.

तिसरं, ट्रॅक्टरच्या पुढे कंपनीची बिडाची वजनं लावा. दगडाचं पोतं बांधणं हा उपाय नाही.

चौथं, ट्रॉली कंपनीने दिलेल्या हुकालाच जोडा. वरच्या टॉप लिंकच्या जागेला कधीच नाही. तिथून ओढ बसली की ट्रॅक्टर मागे उलटतो. पिन झिजलेली असेल तर बदला, लॉक लावा, सेफ्टी चेन जोडा.

पाचवं, ट्रॉलीचा नंबर आणि कागद वेगळे असतात, ते तपासा. विमा शेतीच्या वापराचा आहे की भाड्याच्या वाहतुकीचा, हे विमावाल्याकडून लेखी घ्या. नाहीतर ऐनवेळी क्लेम अडकतो.

शेवटी धंद्याचं गणित. एक खेप जास्त भरून जे मिळतं, ते एका उलटलेल्या ट्रॉलीत सगळं जातं. सीझन बुडतो, हप्ता थांबत नाही. ड्रायव्हर तर कोणाच्या तरी घरचा असतो, त्याची भरपाई कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

मी ती ट्रॉली विकली, घेणाऱ्याला दोष सांगूनच. पाच हजार कमी मिळाले. झोप मात्र लागली.

तुम्ही ट्रॉली बघायला जाल तेव्हा टेप सोबत न्या. आधी हुक मोजा, मग भाव करा.