साडेदहा ते पाचच्या मधलं काम

जिल्हा परिषदेची शाळा साधारण साडेदहाला भरते आणि पाचला सुटते. शनिवारी सकाळची, उन्हाळा लागला की रोजच सकाळची. शहरातल्या खासगी शाळांची तऱ्हा आणखी वेगळी: धाकटा बारालाच घरी, थोरली संध्याकाळी, मधे रिक्षावाल्या काकांचा फोन. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं सांगितलं, तेव्हा मुलांच्या झोपेवर भरपूर बोललं गेलं. आईच्या कामाची वेळ मात्र चर्चेत फारशी आली नाही.

‘पोरं शाळेत असताना करता येईल असं काही काम आहे का?’ हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत निघतो, शाळेच्या फाटकाशी निघतो. शिलाई, फॉल-पिको, पापड-कुरडया, शिकवणी अशी उत्तरंही ठरलेली असतात. आता त्यात मोबाइलवरच्या कामांची भर पडली आहे. पण या प्रश्नाचं सगळ्यात जुनं उत्तर नगर आणि संगमनेरच्या गल्ल्यांमध्ये आहे. ते म्हणजे विडी.

तेलंगणातून येऊन इथे स्थायिक झालेल्या पद्मशाली समाजातल्या, आणि पुढे इतरही समाजांतल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या विड्या वळून घर चालवलं. तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची. पत्र्याचं माप पानावर धरून कात्रीने कापायचं. मग सूप मांडीवर घ्यायचं, पानात चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. मुलं शाळेत गेली की सूप मांडीवर येतं, ती परतली की बाजूला सरकतं, रात्री जेवणं झाली की पुन्हा येतं. मजुरी हजारावर. तासाचं बंधन नाही, मुकादम डोक्यावर नाही. वरून पाहिलं तर हवं तेच काम.

खरी गोम कारखान्यात माल द्यायला गेलं की कळते. तिथे छाट होते. पान फाटकं, वळण ढिलं, तोंड नीट नाही, असं म्हणून विड्या बाजूला काढल्या जातात आणि तेवढी मजुरी बुडते. पानं कमी किंवा खराब मिळाली तरी मोजून विड्या द्याव्याच लागतात, तूट बाईच्या पदरची. घरातल्या तंबाखूच्या धुळीचा खोकला वेगळाच.

तरीही या बायकांनी एक गोष्ट मिळवली, जी घरून काम करणाऱ्या आजच्या बहुतेकींकडे नाही. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं. पुढे प्रश्न आला फंडाचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा. मालकांचं म्हणणं असं, की ही बाई तिच्या घरी, तिच्या वेळेने काम करते, आमचा तिच्यावर ताबा कुठे आहे? 1985 मध्ये पी. एम. पटेल आणि सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं: विडी पसंत किंवा नापसंत करण्याचा हक्क तुमच्याकडे आहे, तोच ताबा. म्हणजे ज्या छाटेने बाईची मजुरी कापली जायची, तिच्याच आधारे ती फंडाची हक्कदार ठरली. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. वेळ तुमची असली म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही, हे त्यात ठरून गेलं.

विडीचा धंदा आता आटत चालला आहे आणि कुणी पोरीबाळींना त्यात घालावं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण नवं काम शोधताना विडीवाल्या बायकांची नजर हवी. माल कोण देतं, नापास कोण करतं, तूट कुणाच्या अंगावर?

साडीच्या फॉलचंच बघा. समजा, एका साडीचे 60 रुपये मिळतात. फॉल आणि दोऱ्याचे 20 गेले. दुकानातून सहा साड्या आणायला आणि पोचवायला रिक्षाचे 60, म्हणजे साडीमागे 10. उरले 30. टाके घालायला एक तास, आणि ने-आण करण्यातला दीड तास सहा साड्यांवर वाटला तर आणखी पाव तास. सव्वा तासाचे 30, म्हणजे तासाला 24 रुपये. घरबसल्या पैसे मिळतात म्हणून आपण हा हिशेब मांडतच नाही. तो मांडल्यावर फॉल-दोरा दुकानदाराने द्यावा एवढं सांगायला तरी तोंड उघडतं.

शेतातल्या बायकांना हा हिशेब चांगला कळतो. कांदालागवडीच्या दिवसांत दहा-बारा जणींची टोळी एकरावर उक्तं काम घेते. दर आधी ठरतो, गाडीभाडं कुणाचं तेही ठरतं. झुंजुमुंजू व्हायला वाफ्यात उतरलं की घरी कधी परतायचं ते टोळीच ठरवते. एखादीचं मूल आजारी असेल तर बाकीच्या तिची सरी ओढून नेतात. एकटीने मागितलेली सवलत नाकारणं सोपं असतं. ऐन लागवडीत टोळीला नाही म्हणणं शेतकऱ्याला परवडत नाही. फॉल लावणाऱ्या, डबे करणाऱ्या बायकांनी आपल्या गल्लीत अशी टोळी का करू नये?

शाळेच्या वेळेशी तंतोतंत जुळणारं एक काम तर शाळेतच आहे: पोषण आहार शिजवण्याचं. पंचवीसपर्यंत मुलं असतील तर एक स्वयंपाकी-मदतनीस, शंभरपर्यंत दोन, हा नियम. केंद्राने 2009 मध्ये महिन्याला 1,000 रुपये मानधन ठरवलं, तेही वर्षातल्या दहाच महिन्यांचं. राज्याने भर घालून 2023 मध्ये ते 2,500 वर नेलं. तांदूळ निवडण्यापासून भांडी घासण्यापर्यंतच्या कामाला हे मानधन अपुरं आहे, अन्यायकारक आहे. वेळ सोयीची आहे म्हणून मोल कमी, हा जुनाच व्यवहार सरकारही करतं. शालेय गणवेशाचंही तसंच. 2024-25 साली कापड एकत्र घेऊन शिलाई बचत गटांकडे दिली, गणवेश रखडले, पुढच्या वर्षी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. ज्या बायकांनी त्या भरवशावर मशीन घेतलं असेल, त्यांच्या हप्त्यांचा विचार कोण करणार?

दहावी झालेल्यांसाठी डिसेंबर 2024 पासून एलआयसीची विमा सखी योजना आहे. पहिल्या वर्षी महिना 7,000, मग 6,000, मग 5,000 रुपये विद्यावेतन, वर कमिशन. पण पॉलिसींचं उद्दिष्ट गाठावं लागतं, आणि गिऱ्हाईक भेटतं संध्याकाळी, म्हणजे मुलं घरी असतात तेव्हा. मोबाइल ॲपवरच्या कामांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत निदान नाव मिळालं आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यायची आहे. असं काम करत असाल तर सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा.

बाहेर हा प्रश्न कसा सुटला? नेदरलँड्सने 1996 मध्ये कमी तास काम करणाऱ्याला दुय्यम वागणूक देण्यावर बंदी घातली आणि 2000 मध्ये तास कमी-जास्त करून मागण्याचा हक्क दिला. घरी काम करणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार 1996 चा. तो व्हावा म्हणून इला भट्ट यांच्या ‘सेवा’ या संघटनेने जिवाचं रान केलं, आणि भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

पण सगळा दोष कायद्यावर टाकूनही भागणार नाही. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात, आणि जो पुरुष घरकामाला हात लावतो त्याची 88. शाळेच्या वेळेत बसणारं काम बाईच का शोधते, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. मुलाला शाळेतून आणायचं काम आठवड्यातून तीन दिवस बापाने घेतलं, तर तिला बघता येतील अशा कामांची संख्या तिथल्या तिथे वाढते.

आणि काम पक्कं करण्याआधी मे महिन्याचं विचारून घ्या. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, पावसाने शाळा अचानक सुटलेला दिवस, तेव्हा काय करायचं? रजा मिळेल का, मैत्रिणीला बदली पाठवता येईल का, त्या दिवसांचे पैसे कापणार का? जूनमध्ये सगळं जुळतं म्हणून हो म्हटलेलं काम एप्रिलच्या शेवटी सुटतं, आणि पुढच्या जूनमध्ये त्या जागी दुसरीच कुणी आलेली असते.