ओळखीच्या गावातला सरकारी वकील

मागच्या व्याख्यानात आपण विवेकाधिकार, म्हणजे कायद्यानंच माणसाच्या हातात ठेवलेली निवड, या कल्पनेबद्दल बोललो. आज ती कल्पना एका कारकिर्दीत पाहू. डग एव्हन्स हे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सात ग्रामीण काउंट्यांचे सरकारी वकील होते. तिकडे या पदाला डिस्ट्रिक्ट ॲटर्नी म्हणतात. 1992 पासून 2023 पर्यंत, तीन दशकं, हे पद त्यांच्याकडे होतं.

आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं. मिसिसिपीत तो दर चार वर्षांनी मतांवर निवडून येतो. गंभीर गुन्ह्यात कुणावर कोणता आरोप ठेवायचा, कुणाशी तडजोड करायची, मृत्युदंड मागायचा की नाही, हे मुख्यतः तोच ठरवतो. अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून अधिक दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीवर होतात. म्हणजे बहुतेक प्रकरणांचा निकाल या माणसाच्या टेबलावरच लागलेला असतो! त्याच्यावर अंकुश मतदाराचा, असं तत्त्व आहे. पण खेड्यापाड्यांत मुळात वकील थोडे, आणि त्यांचं रोजचं काम याच माणसाशी. त्याच्याविरुद्ध उभं राहणार कोण?

आता प्रकरण पाहू. जुलै 1996 मध्ये विनोना या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात, एका फर्निचरच्या दुकानात चौघांचा गोळ्या घालून खून झाला. आरोप आला कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय तरुणावर. तो तिथं काही दिवस कामाला होता. एव्हन्स, जे गोरे आहेत, यांनी त्याच्यावर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालवला. पहिल्या दोन शिक्षा सरकारी वकिलाच्या गैरवर्तनामुळे रद्द झाल्या, तिसरी ज्युरी निवडताना केलेल्या वर्णभेदामुळे. चौथ्या-पाचव्या वेळी ज्युरीचं एकमत झालं नाही. सहाव्या वेळी, 2010 मध्ये, पुन्हा मृत्युदंड.

तुम्ही विचाराल, एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, असं त्यांच्याही संविधानात आहे ना? आहे. पण शिक्षा आरोपीच्याच अपिलावर अशा चुकांसाठी रद्द झाली किंवा ज्युरीत एकमत झालं नाही, तर खटला तडीला गेला असं कायदा मानत नाही. पुन्हा चालवायचा की नाही? तेही सरकारी वकीलच ठरवणार.

आम्हाला यातली खरी तात्त्विक गाठ दिसते ती ज्युरीच्या निवडीत. दोन्ही बाजूंना काही उमेदवार कारण न सांगता वगळता येतात; मात्र 1986 च्या बॅटसन निकालापासून वर्णावरून वगळता येत नाही. मग कारण विचारलं की कारण द्यावं लागतं. एवढ्याशा गावात सगळेच एकमेकांच्या ओळखीचे. आरोपीच्या घरच्यांची ओळख, साक्षीदाराची ओळख, कुणी कुणाबरोबर काम केलेलं. हे गोऱ्यांनाही लागू, काळ्यांनाही. पण सहाव्या खटल्यात वगळलेल्या पाच कृष्णवर्णीय उमेदवारांना सरकारी पक्षानं मिळून 145 प्रश्न विचारले, आणि ज्युरीत बसलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून 12. खोदत गेलं की ओळख सापडतेच. खोदलंच नाही तर ती कागदावर येत नाही. समान निकष लावल्याचा देखावा राहतो, आणि निवड आधीच झालेली असते. सहा खटले मिळून वगळता येण्याजोग्या 42 कृष्णवर्णीय उमेदवारांपैकी 41 वगळले गेले होते. जून 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी शिक्षा रद्द केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात एव्हन्स पुन्हा निवडून आले. बिनविरोध! सातव्या खटल्याचा निर्णयही त्यांच्याच हातात होता. जानेवारी 2020 मध्ये त्यांनी प्रकरणातून अंग काढून घेतलं; सप्टेंबरात राज्याच्या ॲटर्नी जनरलनी आरोप मागे घेतले. जवळजवळ 23 वर्षं कोठडीत काढलेला फ्लॉवर्स कायमचा मोकळा झाला.

2022 मध्ये एव्हन्स न्यायाधीशपदासाठी उभे राहिले. तिथं समोर उमेदवार होते, आणि ते हरले. पुढच्या वर्षी त्यांनी सरकारी वकिलाचं पद सोडलं. त्या चार खुनांसाठी अजून कुणीही शिक्षा भोगत नाही.