शंका आहे, पण पंगत सोडलेली नाही

ख्रिस्तजन्माचा उत्सव जवळ आला की आपल्या हिंदू घरांतूनही त्या धर्माविषयी चार गोष्टी बोलल्या जातात. अलीकडे त्या बोलण्यात ‘पुरोगामी ख्रिस्ती’ हा शब्द येऊ लागला आहे. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड या देशांत असा एक वर्ग आहे की जो बायबलातील प्रत्येक अक्षर ईश्वराने उच्चारले असे मानीत नाही, स्त्रियांना धर्मोपदेशकाचे आसन देतो, समलिंगी जोडप्यांना दाराशी अडवीत नाही आणि तरणोपायाचा मार्ग आमचाच काय तो एक, असा हट्टही धरीत नाही. हे ऐकून पुष्कळ सज्जन म्हणतात, “म्हणजे हे लोक धर्म सोडून अध्यात्माकडे वळले! ध्यानवर्गाला जाणारे आणि हे, सारे एकच.” वाचकहो, या ‘सारे एकच’ची आपल्याला फार सवय जडली आहे. समन्वय ही थोर वस्तू खरी. परंतु दोन वस्तू आधी वेगळ्या ओळखल्यावाचून त्यांचा समन्वय करू जाणे म्हणजे रंग पाहून दूध आणि चुन्याचे पाणी एकाच भांड्यात ओतणे होय.

आधुनिक अध्यात्म म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्याची रास एक नव्हे. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी निघाली. त्याच शतकात, विचार शुद्ध केला की व्याधी जाते व वैभव येते, असे सांगणारा ‘नवविचार’ पंथ अमेरिकेत रुजला. १९६५ पासून हेलन शुकमन या मानसशास्त्रज्ञ विदुषीला अंतर्वाणी ऐकू येऊ लागली; ती वाणी ख्रिस्ताची, असे मानून उतरून घेतलेला ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. दृश्य जग हा भ्रम आहे, असे त्याचे सांगणे. १९७९ साली जॉन काबट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात बौद्ध ध्यानपद्धती तिच्या धर्मापासून सोडवून मनावरील ताण घालविण्याच्या उपचारात आणली. तऱ्हा निराळ्या, पण साधक बहुतेक ठिकाणी एकटाच असतो. हवे ते, हवे तेथून घेतो, आणि त्याला प्रथम हवी असते ती स्वतःच्या मनाची शांती. प्यू या अमेरिकन संशोधनसंस्थेच्या २०२३ च्या पाहणीत तेथील शंभर प्रौढांपैकी सुमारे २२ जण ‘आध्यात्मिक, पण धार्मिक नाही’ या वर्गात मोडले. आम्ही यांचा उपहास करीत नाही. ज्याला झोप येत नव्हती त्याला ध्यानाने झोप लागली, हेही थोडे नव्हे.

पण पुरोगामी ख्रिस्ती विचाराचा उगम अशा एकांतात झालेला नाही. त्याचा एक मोठा झरा फुटला तो न्यूयॉर्कच्या एका दरिद्री वस्तीत. त्या वस्तीचे नावच ‘हेल्स किचन’, म्हणजे नरकाचे स्वयंपाकघर! वॉल्टर राउशेनबुश (१८६१–१९१८) हा जर्मन वंशाचा तरुण १८८६ साली तिच्यालगतच्या एका लहानशा बाप्टिस्ट मंडळीचा पाळक म्हणून आला. येताना त्याची समजूत जुनीच होती: एकेका जिवाला उपदेश करावा, एकेक जीव तारावा. परंतु अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून दाटीने राहणारी कुटुंबे, काम गेलेले बाप आणि वारंवार पुरावी लागणारी बालके त्याने पाहिली. मुलांच्या त्या अंत्यविधींनी त्याचे काळीज पिळवटले, असे तो पुढे सांगे. प्रत्येक शवपेटीपुढे त्यानेच प्रार्थना म्हणावयाची, आणि हे मूल दैवाने नव्हे, भाड्याच्या खोलीने व अपुऱ्या अन्नाने मारले, हे त्यालाच ठाऊक असावयाचे! १८८८ साली आजारातून पुरता उठण्याआधीच तो कामावर गेला आणि त्याची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. लोकांची गाऱ्हाणी ऐकणे हेच ज्याचे काम, तो बहिरा झाला. तरी १८९७ पर्यंत त्याने ती मंडळी सोडली नाही.

१९०७ साली त्याचा ग्रंथ निघाला. त्याचे सार असे, की पाप एकट्या माणसाचेच नसते. समाजाची घडीही पापी असू शकते. ख्रिस्त ज्या देवाच्या राज्याविषयी बोलला, ते केवळ मेल्यानंतरचे नव्हे. इस्राएलाच्या जुन्या संदेष्ट्यांनी मागितलेला न्याय तोच येथे, या भूमीवर मागत होता. आणि येथे वाचकांनी थोडे थांबावे. एवढे म्हणून हा मनुष्य राजकारणात शिरला असता आणि प्रार्थना सोडती, तर ती गोष्ट साधी होती. त्याने १९१० साली प्रार्थनांचेच पुस्तक लिहिले. त्यात राबणाऱ्या मुलांसाठी, कष्टकरी स्त्रियांसाठी प्रार्थना आहेत. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात या राउशेनबुशचे ऋण नोंदविले. पण किंग मोर्चा काढीत तोही चर्चमधून, भजने गात. (सहज आठवले म्हणून सांगतो: राउशेनबुश जन्मला त्याच १८६१ साली आपले नारायण वामन टिळकही जन्मले. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग व कीर्तन सोडले नाही आणि १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला.)

आता नाताळच्या कथेकडे वळू. मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत ख्रिस्ताच्या जन्माची कथाच नाही. मत्तयाने तारा पाहून आलेले मागी लोक सांगितले, लूकने मेंढपाळ सांगितले. दोन्ही कथा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. परंपरावादी म्हणतो, तरीही अक्षर न् अक्षर घडले. निधर्मी म्हणतो, मग सारेच खोटे. मार्कस बोर्ग आणि जॉन डॉमिनिक क्रॉसन या पुरोगामी पंडितांनी २००७ साली याच विषयावर पुस्तक लिहून तिसरी वाट दाखविली. त्यांच्या मते हे झाले का, एवढ्यावरच अडून न राहता, सांगणाऱ्याने हे का सांगितले, ते पाहावे. त्या काळी ऑगस्टस बादशहाला देवपुत्र म्हणत. आशिया मायनरमधील प्रिएने येथील इ. स. पूर्व ९ च्या शिलालेखात त्याचा जन्मदिवस हा जगासाठी शुभवर्तमानाचा आरंभ म्हटला आहे. अशा बादशहाच्या राज्यात, जनावरांच्या गव्हाणीत ठेवलेल्या बाळाला तेच शब्द लावणे, हे केवढे धाडस!

आमच्यासारख्या मीमांसा शिकलेल्याला यात नवल वाटत नाही. वेदवाक्यांत विधी कोणता आणि अर्थवाद कोणता, हे निवडणे मीमांसकांचे नित्याचे काम. यज्ञातील यूप हा सूर्य आहे असे वाक्य आले, तर लाकडाचा खांब आकाशात फिरतो असे कोणी मानीत नाही. प्रत्यक्षाशी विरोध आला की तो गुणवाद समजावा, स्तुती समजावी आणि विधीकडे वळावे, असा नियम. म्हणून वेद कोणी टाकला नाही. पुरोगामी ख्रिस्ती नाताळकथेचा गुणवाद करतात, आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा हा विधी मानतात. भेद इतकाच की कथेत विरोध कोठे आहे, हे ठरविण्यास त्यांनी इतिहाससंशोधन हे प्रमाण घेतले.

आमच्या मते खरा भेद येथेच उघड होतो. हे लोक शंका घेतात, पण परंपरेच्या ग्रंथावर, तिच्याच भाषेत, तिच्याच सभेत बसून घेतात. आधुनिक अध्यात्मवाल्याला शंका घेण्याची गरजच पडत नाही. न पटलेले पान तो उलटतो आणि दुसरा ग्रंथ उघडतो. शुकमनबाईंच्या ग्रंथातही ख्रिस्त आहे, पण तो कोणत्या मंडळीचा नव्हे, वाचणाऱ्याच्या अंतरातला. आद्य शंकराचार्यांनी गीतेच्या तेराव्या अध्यायावरील भाष्यात, संप्रदाय न जाणणारा सर्वशास्त्रवेत्ता असला तरी उपेक्षणीय, असे कठोरपणे म्हटले आहे. अद्वैत सांगणारा आचार्य हे म्हणतो, हे ध्यानात घ्यावे.

तथापि या पुरोगाम्यांचीही एक अवघड जागा आहे. वूलिचचे बिशप जॉन रॉबिन्सन यांनी १९६३ साली, आकाशात बसलेला देव आता पुरे, असे म्हणून खळबळ उडविली. त्यांनी आधार घेतला तो पॉल टिलिक यांचा. ईश्वर म्हणजे सर्व अस्तित्वाचे अधिष्ठान. वेदान्त्याच्या कानाला हे गोड लागते. पण अधिष्ठानाला हाक कशी मारावी? आपल्या संतांनी निर्गुण जाणूनही विटेवरचे सगुण रूप हृदयी धरले. ती सोय त्यांच्यापाशी ख्रिस्ताच्या रूपाने असताना कित्येकांनी तीही पातळ करून टाकली. कॅनडात टोरांटोच्या ग्रेटा वॉस्पर या पाळकबाईंनी आपण नास्तिक असल्याचे उघड सांगितले. त्यांच्या युनायटेड चर्चच्या चौकशीत २०१६ साली त्या अपात्र ठरल्या आणि २०१८ साली तडजोड होऊन पदावर राहिल्या. चर्चचे औदार्य मोठे. पण देव नसलेली उपासना कोणाची, या प्रश्नाला तडजोडीने उत्तर मिळत नाही. तेथे पुरोगामी धर्म आणि निधर्मी सत्संग यांतली रेघ खरोखर पुसट होते.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माभ्यासासाठी राहिले. ते कॉलेज उदार ख्रिस्ती विचाराच्या युनिटेरियन मंडळींचे. परतल्यावर त्यांनी मुंबईत प्रार्थना समाजाचे काम केले आणि १९०६ साली अस्पृश्यांच्या सेवेसाठी मिशन काढले. प्रार्थना समाजाने मूर्ती दूर ठेवली, चमत्कार दूर ठेवले, परंतु तुकोबांचे अभंग ठेवले. सोवळ्या मंडळींनी त्यांस तेव्हा बाटगे म्हटले, हे विसरून चालणार नाही. आज आमच्या कीर्तनास येणारा तरुण उत्तररंगातील चमत्कारावर शंका काढतो. त्याला गप्प बसविले, तर तो वाद घालावयास परत येत नाही; कोठल्या तरी ध्यानवर्गात एकटा डोळे मिटून बसतो.

ज्यांचे पुत्रपौत्र परदेशी आहेत, त्यांनी नाताळच्या आदल्या रात्री अशा एखाद्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसावे. प्रार्थनेत कोणाकोणाची नावे घेतली जातात ती ऐकावीत. तुरुंगातले, निर्वासित, आजारी यांची आठवण तेथे असते. प्रभुभोजनाच्या मेजाशी बहुधा सर्वांनाच बोलावतात. भाकर घ्यावी की न घ्यावी, हा ज्याच्या त्याच्या निष्ठेचा प्रश्न. हात जोडून नम्रपणे नको म्हटले तर कोणी रागावत नाही. निघताना बाजूच्या दालनात डोकवावे. गरजूंना वाटावयाच्या धान्याची आणि डबाबंद भाज्यांची फडताळे पुष्कळ ठिकाणी तेथेच असतात.