रंग हवा की पिल्लं?

इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या एका घरी पाहुणे आले की बैठकीतल्या सहा फुटी टाकीपुढे थबकतात. सहा बाय दोन बाय दोन, म्हणजे जवळपास 680 लिटर पाणी. त्यात निळे, पिवळे, तांबूस मासे सतत फिरत असतात. प्रत्येक मासा वेगळ्या जातीचा आणि झाडून सगळे नर. आतल्या खोलीत एक चार फुटी टाकी आहे, तिकडे सहसा कुणी वळत नाही. तिच्यात एकाच जातीचा निळ्या तोंडाचा पिवळाधमक नर आणि चार मातकट माद्या. घरमालकांचा संध्याकाळचा वेळ मात्र तिच्यापुढेच जातो.

हे दोन्ही संसार आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे. त्या एका सरोवरात सिक्लिड माशांच्या शेकडो जाती आहेत. बाजारात ‘पीकॉक’ म्हणून मिळणाऱ्या औलोनोकारांचा रंग जवळजवळ सगळा नरांच्याच वाट्याला येतो. त्यामुळे टाकी मांडणाऱ्याला सुरुवातीलाच ठरवावं लागतं, सगळे नर ठेवायचे की माद्याही आणायच्या.

पाण्याची बाजू इंदुरात सोपी आहे. मलावीच्या माशांना जड, अल्कलीयुक्त पाणी मानवतं. सामू आठच्या आसपास असला की ते खूश. माळव्याच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जडच असतं. नळाला येते ती जलूदहून उपसलेली नर्मदा. तिच्यातलं क्लोरीन मात्र काढावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा हीटरशिवाय भागत नाही.

खरी कसोटी माशांच्या स्वभावाची. नर जागा धरतो आणि आपल्यासारखा दिसणारा दुसरा नर त्याला खपत नाही. म्हणून सगळ्या नरांची टाकी भरताना रंग आणि अंगावरचे पट्टे एकसारखे असलेले दोन मासे टाळायचे, सगळे शक्यतो एकदम सोडायचे आणि टाकी थोडी दाटच ठेवायची. दाटी असली की एकाच दुबळ्या माशामागे कुणी हात धुऊन लागत नाही, मार वाटला जातो. पण माशांची संख्या वाढली की घाणही वाढते; फिल्टर दणकट लागतो आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावं लागतं. नवा मासा आणला तर आधी दगडांची जागा बदलायची, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात.

इतकं करूनही एखादा नर फिकाच राहतो. वरचढ नराच्या धाकात तो रंग दाबून ठेवतो. आफ्रिकेतल्याच ‘बर्टोनी’ या सिक्लिडवर प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. वरचढ नर हलवला की दबलेल्या नराचा रंग काही मिनिटांत उजळतो.

मादी चुकून शिरली तर सगळं बिनसतं. तिच्यापुढे एकाच वेळी अनेक नर नाचू लागतात आणि एकमेकांवर तुटून पडतात. पिल्लं सगळी करडी दिसतात, त्यामुळे लहान वयात खरेदी केली की हा धोका राहतोच. शंकेच्या माशाला ओल्या हातावर उलटं धरून पोटाखालची छिद्रं पाहतात. मादीचं अंड्यांचं छिद्र मोठं असतं. काही मासे हार्मोन देऊन अकाली रंगवलेले असतात, तेव्हा रंगावरही विसंबता येत नाही. याच कुळातल्या तिलापियाच्या पिल्लांना खाद्यातून हार्मोन देऊन सगळे नर तयार करतात, तो मत्स्यशेतीचा रूढ प्रकार आहे. तिथे हेतू वेगळा असतो: वीण थांबावी आणि वजन वाढावं.

आतल्या चार फुटी टाकीत मुद्दा वीण होण्याचाच आहे. एका नरामागे तीन-चार माद्या, म्हणजे त्याचा ससेमिरा एकीच्याच मागे लागत नाही. मादी सपाट दगडावर अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. नराच्या पोटाखालच्या मागच्या परावर अंड्यांसारखे ठिपके असतात. ती त्यांच्यापाशी तोंड नेते आणि तिथेच अंडी फळतात. मग सुमारे तीन आठवडे ती जवळपास काही खात नाही. गळा फुगलेला, जबडा हलके हलके चाललेला. त्या दिवसांत ती दगडाआड असते आणि नीट पाहायचं तर टाकीपुढे बराच वेळ बसावं लागतं.

हे पाहिल्यावर नुसत्या रंगांची टाकी अपुरी वाटते. जागा बेताची असेल, पिल्लांना घर शोधायची तयारी असेल, तर एका जातीचा एक कळप हीच योग्य निवड. अनेक जातींच्या नर-माद्या एकत्र ठेवणं मात्र वाईट. औलोनोकारांच्या माद्या ओळखू येत नाहीत आणि जाती सहज मिसळतात. व्हिक्टोरिया सरोवरात हेच घडलं. पाणी गढूळ झाल्यावर माद्यांना नरांचे रंग दिसेनात आणि जातींमधली अंतरं पुसली जाऊ लागली. ओले सेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी ते 1997 साली ‘सायन्स’मध्ये मांडलं.

एका विणीत वीस-पन्नास पिल्लं निघतात आणि चार फुटी टाकी भराभर भरते. जादा मासे तलावात सोडायची सवय शहरांत आहे. इंदूरचं सिरपूर तळं 2022 पासून रामसर यादीत आहे. तिथे परक्या सिक्लिडना सोडणं म्हणजे तिथल्या माशांच्या तोंडचा घास काढणं. या घरात पिल्लं थोडी वाढली की जातीचं नाव चिठ्ठीवर लिहून ओळखीच्यांना दिली जातात. आई-बापाबद्दल शंका असेल, तर ती पिल्लं घराबाहेर जात नाहीत.