परदेशातून आलेली डिस्क घरी का चालत नाही?
‘रिजन-फ्री’ प्लेअर घेण्यापूर्वी व घेतल्यानंतर ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

खुलताबाद, प्रतिनिधी - मराठवाड्यातील अनेक गावांप्रमाणे खुलताबाद तालुक्यातील मुलेही शिक्षण आणि नोकरीसाठी आधी पुण्या-मुंबईकडे आणि तेथून अमेरिका, आखाती देश, ऑस्ट्रेलियाकडे गेली. सुटीत घरी येताना त्यांच्या सामानात दोन प्रकारच्या डिस्क असत. एक तेथील दुकानातून विकत घेतलेल्या चित्रपटाची, दुसरी नातवाच्या बारशाची किंवा पहिल्या वाढदिवसाची. आई-वडील हौसेने डिस्क प्लेअरमध्ये घालतात. चित्रपटाची डिस्क ‘चुकीचा विभाग’ अशा अर्थाची सूचना दाखवून थांबते. बारशाची डिस्क चालते. पण चित्र कृष्णधवल दिसते किंवा वरून खाली घसरत राहते. दोन्ही तक्रारींवर बहुधा एकच सल्ला मिळतो : रिजन-फ्री प्लेअर घ्या. हा सल्ला पहिल्या डिस्कपुरता बरोबर आहे. दुसऱ्या डिस्कचे दुखणे वेगळे आहे व त्यावरचा उपायही वेगळा आहे. हा फरक लक्षात न आल्यास पैसे खर्च होतात आणि बारसे मात्र पाहायचे राहून जाते.

जगाची आठ भागांत वाटणी

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. त्या काळी हॉलिवूडचा चित्रपट सगळ्या देशांत एकाच दिवशी प्रदर्शित होत नसे. अमेरिकेत चित्रपटाची डिस्क विक्रीला येई, तेव्हा इतर अनेक देशांत तो चित्रपटगृहांतही लागलेला नसे. ही डिस्क आधीच तेथे पोहोचू नये आणि प्रत्येक देशात वेगळी किंमत ठेवता यावी, यासाठी निर्मात्यांनी विभाग-संकेताची, म्हणजेच ‘रिजन कोड’ची, योजना आणली.

या योजनेनुसार अमेरिका व कॅनडा पहिल्या विभागात येतात. युरोप, जपान, आखाती देश आणि दक्षिण आफ्रिका दुसऱ्या विभागात आहेत. तिसऱ्यात दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग व आग्नेय आशिया, तर चौथ्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व लॅटिन अमेरिका आहे. भारताचा समावेश पाचव्या विभागात असून पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग याच विभागात आहे. सहावा विभाग चीनचा. सातवा राखीव आहे आणि आठवा विमाने व जहाजांसाठी आहे.

विकत घेतलेल्या डिस्कवर कोणकोणत्या विभागांत ती चालू नये, याची नोंद केलेली असते. प्लेअरलाही कारखान्यात एक विभाग क्रमांक दिलेला असतो. डिस्क आत जाताच प्लेअर ही नोंद आपल्या क्रमांकाशी ताडून पाहतो. मनाई आढळली की डिस्क चालत नाही. डिस्क खराब नसते आणि यंत्रही बिघडलेले नसते. डिस्कच्या वेष्टनामागे पृथ्वीगोलाच्या चिन्हात हा आकडा छापलेला असतो. ‘ऑल’ किंवा शून्य छापलेले असेल, तर ती डिस्क कोणत्याही विभागातील प्लेअरवर चालते. हिंदी चित्रपटांच्या अनेक डीव्हीडी अशा सर्व-विभागीय असत. कारण त्यांचा ग्राहक लंडन, दुबई आणि न्यूजर्सीतही होता.

व्हीसीडीला विभागाचे बंधन कधीच नव्हते. एकेक चित्रपट दोन किंवा तीन डिस्कवर विभागून येत असे आणि तो कोणत्याही व्हीसीडी प्लेअरवर चाले. पुढे मोझरबेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास सुरुवात केली, तेव्हा तालुक्याच्या गावांतही डिस्क घरोघरी पोहोचल्या. या सवयीमुळेच परदेशी डिस्क अडल्यावर ग्राहक गोंधळून जातो.

घरगुती डिस्कचा अडथळा निराळा

बारसे, मुंज, लग्न अशा समारंभांच्या घरगुती चित्रणाच्या डिस्कवर सहसा विभागाचे बंधन नसते. डीव्हीडी कॅमेरा किंवा रेकॉर्डर जी डिस्क तयार करतो, ती सर्व विभागांत चालणारी असते. मग अमेरिकेतून आलेली बारशाची डिस्क नीट का दिसत नाही? याचे उत्तर टीव्हीच्या पद्धतीत आहे.

भारतात रंगीत टीव्ही १९८२ मध्ये आला, तो ‘पॅल’ पद्धतीचा. या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि डीव्हीडीवरील प्रत्येक चित्रात ५७६ ओळी असतात. अमेरिका, कॅनडा, जपान व दक्षिण कोरियात ‘एनटीएससी’ पद्धत रूढ झाली. तीत सेकंदाला सुमारे ३० चित्रे आणि ४८० ओळी असतात. केवळ पॅल पद्धत समजणाऱ्या जुन्या टीव्हीवर एनटीएससी चित्र रंग गमावते किंवा स्थिर राहत नाही. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना होता आणि जिल्ह्यातील अनेक घरांत याच कंपनीचे टीव्ही होते. अशा जुन्या काचेच्या टीव्हीवर परदेशी डिस्क लावण्यापूर्वी त्याच्या माहितीपत्रकात एनटीएससीचा उल्लेख आहे का, हे पाहावे.

विभाग आणि पद्धत या दोन स्वतंत्र बाबी आहेत. जपान आणि ब्रिटन दोन्ही दुसऱ्या विभागात आहेत. पण जपानची डिस्क एनटीएससी असते आणि ब्रिटनची पॅल. दुबईची डिस्क दुसऱ्या विभागाची असली, तरी तिची पद्धत आपलीच असते. ऑस्ट्रेलियाचेही तसेच.

तिसरा अडथळा डिस्क ‘फायनलाइझ’ न करण्याचा आहे. कॅमेऱ्यात चित्रण झाल्यावर डिस्क पूर्ण करण्याची एक अंतिम क्रिया असते. ती राहून गेल्यास त्या कॅमेऱ्याखेरीज इतर यंत्रांना डिस्क कोरी भासते. अशा वेळी कितीही महागडा रिजन-फ्री प्लेअर उपयोगी पडत नाही. ज्या कॅमेऱ्यात चित्रण झाले, त्याच कॅमेऱ्यात ती डिस्क पुन्हा घालून ही क्रिया पूर्ण करावी लागते. म्हणून मुलांचा जुना कॅमेरा भंगारात देण्यापूर्वी त्यांना ही चौकशी जरूर करण्यास सांगावे.

लक्षणावरून निदान

खरेदीला जाण्यापूर्वी घरच्या घरी पुढीलप्रमाणे पारख करता येते.

- पडद्यावर विभागाविषयी सूचना येऊन डिस्क थांबली, तर अडचण रिजन कोडची आहे. येथे रिजन-फ्री प्लेअर हाच उपाय.
- आवाज ठीक, पण चित्र कृष्णधवल किंवा घसरणारे असेल, तर अडचण पद्धतीची आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीची पद्धत ‘पॅल’ करून पाहावी. काही प्लेअर चित्राचे रूपांतर करून देतात.
- ‘डिस्क नाही’ असे दिसले, तर डिस्क अपूर्ण, मळलेली किंवा खराब झालेली असू शकते. किंवा प्लेअरची लेझर भिंग-व्यवस्था थकलेली असते. दुसरी चांगली डिस्क लावून खात्री करावी.
- कॅमेऱ्यातील आठ सेंटिमीटरची लहान डिस्क फटीतून आत ओढून घेणाऱ्या यंत्रात कधीही घालू नये. ती अडकते. तिच्यासाठी बाहेर येणाऱ्या तबकाचा प्लेअर हवा.

प्लेअर निवडताना

पहिली गोष्ट, ‘रिजन-फ्री’ हा शब्द नेमका कशाला लागू आहे, हे विचारावे. ब्लू-रे डिस्कची विभागणी डीव्हीडीपेक्षा वेगळी आहे. तेथे ए, बी आणि सी असे तीनच विभाग आहेत. अमेरिका व जपान ‘ए’मध्ये, युरोप, आखाती देश व ऑस्ट्रेलिया ‘बी’मध्ये आणि भारत, चीन व रशिया ‘सी’मध्ये येतात. अनेक ब्लू-रे प्लेअर डीव्हीडीपुरते रिजन-फ्री असतात; ब्लू-रे डिस्कसाठी मात्र एकाच विभागाचे राहतात. विक्रेत्याकडून दोन्हींचे स्वतंत्र उत्तर घ्यावे. फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कना विभागाचे बंधन नाही, मात्र त्यासाठी त्या दर्जाचाच प्लेअर लागतो.

दुसरी गोष्ट विजेची. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची आणि जपानमध्ये १०० व्होल्टची आहे. भारतात ती २३० व्होल्ट आहे. मुलाने तिकडून आणलेला प्लेअर थेट आपल्या सॉकेटला जोडल्यास क्षणात जळू शकतो. यंत्रामागील पट्टीवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिले असेल, तर केवळ पिन बदलावी लागते. नुसतेच ‘१२०’ असेल, तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आवश्यक आहे. तो विकत घेण्यापेक्षा येथेच प्लेअर घेणे बहुधा स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट जोडणीची. जुन्या टीव्हीला पिवळी, लाल व पांढरी अशा तीन पिनांची केबल लागते. नव्या सपाट टीव्हीला एचडीएमआय केबल जोडावी. चित्र अधिक स्वच्छ येते आणि असे टीव्ही सहसा दोन्ही पद्धती स्वीकारतात. दोन्ही प्रकारची जोडणी असलेला प्लेअर घेणे शहाणपणाचे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : दुकानात जाताना अडलेली डिस्कच सोबत न्यावी आणि ती लावून दाखवण्याचा आग्रह धरावा. खोक्यावरील अक्षरांपेक्षा हा पुरावा खात्रीचा असतो. नवे प्लेअर आता कमी झाले आहेत. सॅमसंगने २०१९ मध्ये ब्लू-रे प्लेअरच्या व्यवसायातून माघार घेतली. त्यामुळे जुना प्लेअर घेण्याची वेळ अनेकांवर येते. अशा वेळी तबक सहज उघडते का आणि डिस्क शेवटपर्यंत न अडखळता चालते का, हेही तपासावे.

वापरताना

काही प्लेअर कारखान्यातूनच सर्व विभागांसाठी खुले येतात. काहींमध्ये रिमोटवरील विशिष्ट बटणे दाबून विभाग बदलता येतो. हा क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्या मॉडेलचा क्रम आपल्या यंत्रावर आजमावू नये. पहिल्या विभागाच्या काही डिस्क ‘सर्व विभाग’ असे सांगणारा प्लेअर ओळखून अडून बसतात. तेथे प्लेअरचा क्रमांक शून्याऐवजी एक ठेवल्यास डिस्क चालते.

संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हबाबत सावध राहावे. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये विभाग केवळ पाच वेळा बदलता येतो. त्यानंतर शेवटचा विभाग कायम होतो. एखाद्या संध्याकाळी वेगवेगळ्या विभागांच्या डिस्क आलटून-पालटून लावून पाहिल्यास ही मर्यादा नकळत संपू शकते.

कायदा काय म्हणतो?

परदेशात रीतसर विकत घेतलेली डिस्क घरी पाहणे आणि ती व्यवसायासाठी वापरणे यांत कायदा फरक करतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ मध्ये आयात करणाऱ्याच्या खासगी व घरगुती वापरासाठी एका प्रतीची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास शिक्षा सांगते. मात्र त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. याउलट अमेरिकेतून आणलेल्या डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दिल्लीतील एका व्यावसायिकाविरुद्ध वॉर्नर ब्रदर्सने दावा केला, तेव्हा एप्रिल २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने मनाईहुकूम दिला. मूळ डिस्क खरी होती, हा बचाव टिकला नाही. थोडक्यात, घरच्यांनी बसून पाहावे. प्रती काढून वाटू नयेत व भाड्याने देऊ नयेत.

प्लेअर मिळाला, पुढे काय?

विकत घेतलेला चित्रपट उद्या दुसरीकडे पाहता येईल. बारशाच्या डिस्कची मात्र बहुधा दुसरी प्रत नसते. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. ऊन, उष्णता व दमटपणाने तो खराब होतो आणि मग कोणताही प्लेअर ती वाचू शकत नाही. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा टीव्हीवर ठेवलेली डिस्क लवकर बाद होण्याचा धोका असतो.

डिस्क कडेने धरावी, डबीत उभी ठेवावी आणि तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावू नये किंवा बॉलपेनने लिहू नये. पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. त्याहून आवश्यक म्हणजे, डिस्क चालते आहे तोवरच तिची प्रत काढावी. घरगुती डिस्कला कुलूप नसते. संगणकात ती उघडून तिच्यातील ‘व्हिडिओ टीएस’ हे संपूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवता येते. एक प्रत घरी आणि दुसरी परदेशातील मुलाकडे ठेवावी.

रिजन-फ्री प्लेअर अडलेला चित्रपट सुरू करून देईल. नातवाचा आवाज मात्र प्लेअरवर विसंबून टिकणारा नाही. म्हणून नवा प्लेअर घरी आल्यावर पहिल्या रविवारी चित्रपट न लावता कपाटातील घरगुती डिस्क एकेक करून तपासाव्यात आणि त्यांच्या प्रती काढून घ्याव्यात.